शिट्टीताई आणि निळी भुकटी

बिस्किटांच्या कारखान्यात तिला सगळे शिट्टीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. तीन नंबरच्या लाइनवर यंत्रांचा खडखडाट एवढा की माणूस घसा फुटेपर्यंत ओरडला तरी शेजारच्याला नुसतं तोंड हललेलं दिसायचं. ताईने त्यावर उपाय काढला शिट्टीचा. तीही बोटं न लावता, नुसत्या ओठांची, कारण खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात तोंडाला बोट लावणं म्हणजे महापाप. एक शिट्टी मारली की पट्टा थांबायचा, दोन मारल्या की चालू व्हायचा. नवीन आलेल्या मुली सुरुवातीला दचकायच्या, आठवड्याभरात सरावायच्या. पाकिटं भरणारी म्हणून ती कामाला लागली, आणि दहा वर्षांत लाइनची मुख्य झाली.

घरी नवरा, सासूबाई आणि एकुलती लेक ठमी. नवरा वायरमन, स्वभावाने थंड. घर पेटलं तरी आधी फ्यूज काढून मग "आग लागली" म्हणेल असा. ठमी तीन वर्षांची असताना शेजारच्या घरात तिने खेळता खेळता एक शेंगदाणा तोंडात टाकला. एकच. पाच मिनिटांत पोरीचे ओठ फुगले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नवऱ्याने तिला स्कूटरवर पुढ्यात घेतलं आणि दवाखाना गाठला. वेळेवर पोचले म्हणून निभावलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. शेंगदाणा हा या मुलीचा वैरी. कणभर पोटात गेला तरी जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर पेनासारखं दिसणारं हे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, "थोडं थांबून बघू" म्हणायचं नाही, आणि थेट दवाखान्यात यायचं.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. मुठी मुठी खायचो."

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. सुई नसलेलं, सरावाचं एक पेन काढलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. "आजी, दिवसभर हिच्याजवळ तुम्हीच असता ना? मग हे सगळ्यात आधी तुम्हाला यायला हवं."

झालं. त्या दिवसापासून सासूबाईंचा अवतारच बदलला. आधी उशीवर सराव झाला, मग सोफ्यावर. एका दुपारी नवरा आडवा पडला होता, त्याच्या मांडीवर असं काही पेन आपटलं की तो थंड माणूस आयुष्यात पहिल्यांदा किंचाळला. "दहा सेकंद धरून ठेवायचं असतं, हलू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि दहापर्यंत मोजूनच उठल्या. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या त्या दारातच हुंगायच्या. नातेवाईक म्हणायचे, विमानतळावर एवढी झडती होत नाही.

ताईचं दुखणं मात्र वेगळं होतं. तीन नंबरच्या लाइनवर आठवड्यातले चार दिवस शेंगदाण्याची बिस्किटं चालायची आणि दोन दिवस साधी. म्हणजे आई ज्यावर घर चालवत होती, तेच लेकीच्या मुळावर उठलेलं. कपड्यांवर, केसांत, नखांत बारीक भुकटी बसायची. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला लागून एक न्हाणी होती, पण तिच्यात जुनी खोकी कोंबलेली. ताईने एका दुपारी जेवायच्या सुट्टीत ती खोकी स्वतः बाहेर काढली, फरशी घासली, आणि मग साहेबांकडे जाऊन परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "आता साफ केलीच आहे तर नाही कशाला म्हणू?" तेव्हापासून काम संपलं की डोक्यावरून अंघोळ, स्वच्छ कपडे, आणि कामाचे कपडे तिथेच धुवायला.

घरी दार उघडलं की ठमी आतूनच विचारायची, "आई, अंघोळ?"

"झाली."

"डोकं?"

"तेही."

मग ती धावत येऊन गळ्यात पडायची. आधी नाही.

ठमी सहा वर्षांची झाली, पहिलीत गेली. ताईने शाळेत पेन दिलं, कागदावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून दिल्या. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, काळजी घेणाऱ्या होत्या. थोड्या जास्तच. त्यांनी पेन आणि कागद आपल्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "एकदम सुरक्षित," त्या म्हणाल्या. ताईच्या मनात पाल चुकचुकली, पण शाळेत पहिल्याच दिवशी तोंड कशाला वाजवा म्हणून ती गप्प बसली. ही चूक तिला पुढे फार दिवस खात राहिली.

एका मंगळवारी मधल्या सुट्टीत ठमीचं पाणी संपलं. शेजारच्या मैत्रिणीने प्रेमाने आपली बाटली पुढे केली. मैत्रिणीने आत्ताच शेंगदाण्याची बिस्किटं खाल्ली होती आणि त्याच तोंडाने पाणी प्यायली होती. ठमीला खाण्याचे सगळे नियम तोंडपाठ होते. पाण्याला कोण घाबरतं?

वर्गाच्या बाईंना ती मान खाजवताना दिसली. जवळ गेल्या तर ओठ सुजलेले आणि आवाज घोगरा. त्या कार्यालयाकडे धावल्या. कपाटाला कुलूप. मोठ्या बाई बैठकीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला, किल्लीसह. आईला फोन लावला तर नुसता वाजतोय, कारण कारखान्यात फोन आत न्यायला बंदी आणि तो लॉकरमध्ये. वडिलांना लावला तर ते कुठल्याशा इमारतीत शिडीवर, छतात डोकं घालून.

शाळेची घंटा वाजवणारी मावशी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती घंटेचा लोखंडी हातोडा घेऊन आली आणि दोन घावांत कुलूप खाली पाडलं. "नंतर काय ते माझ्या नावावर लिहा," एवढंच म्हणाली. वर्गाच्या बाईंनी कागद वाचत वाचत ठमीच्या मांडीत पेन टोचलं, मावशीने मोठ्याने दहा आकडे मोजले, आणि तोवर कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली होती.

ताईला कळलं ते जेवायच्या सुट्टीत. लॉकर उघडला तर सतरा फोन येऊन गेलेले. शेवटचा निरोप नवऱ्याचा होता: "ठीक आहे. दवाखान्यात आहे. घाबरू नको." ती डोक्यावरच्या जाळीच्या टोपीसकट धावत सुटली.

दवाखान्यात ठमी पलंगावर बसली होती. ओठ अजून जरासे सुजलेले, पण रंगीत पेन्सिली मागण्याइतकी तिची तब्येत सुधारली होती. दारात आई दिसली तसे तिने हात पसरले, आणि लगेच मागे घेतले.

"आई, अंघोळ?"

ताई उंबऱ्यावरच थांबली. अंगावर कामाचे कपडे, बाह्यांवर सकाळची भुकटी. तिला वाटलं, या क्षणी जमीन दुभंगावी. पोरगी तीन पावलांवर आणि आईला तिला हात लावायची सोय नाही. नर्सच्या ध्यानात काय आलं कोण जाणे, तिने ताईचा दंड धरला, न्हाणीघरात नेलं, साबण दिला आणि रुग्णांचा हिरवा झगा दिला. पाच मिनिटांनी ताई ओल्या केसांनी, तो पाठीमागून उघडा झगा एका हाताने आवळत बाहेर आली.

ठमी खदाखदा हसायला लागली. "तू पण पेशंट?"

"हो," ताई म्हणाली, "मला तुझी ॲलर्जी झाली." आणि तिला असं घट्ट धरलं की नवऱ्याला "अगं, सलाइनची नळी" म्हणून सांगावं लागलं.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी ताईला बोलावलं. त्यांनी मनापासून माफी मागितली, कुलपाचा विषय स्वतःहून काढला. पण मग म्हणाल्या, "माझी झोप उडाली आहे हो. तीनशे मुलं आहेत इथे. मला वाटतं, तिने डबा माझ्या कार्यालयात एकटीने खावा. नाहीतर एखादं वर्ष घरीच अभ्यास..."

ताईच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "बाई, आमच्या लाइनवर सोमवारी शेंगदाण्याची बिस्किटं निघतात आणि शुक्रवारी साधी. त्याच यंत्रावर. मधे आम्ही लाइन अशी धुतो की तपासणाऱ्याला कण सापडत नाही. जे एका यंत्राला जमतं ते तीनशे मुलांना जमणार नाही? मला एक शनिवार द्या. सगळ्या शिक्षकांना थांबवा. डबे आणायला सांगा."

"डबे कशाला?"

"जेवायला," ताई म्हणाली.

शनिवारी शिक्षक काहीसे कंटाळलेच होते. व्याख्यान ऐकायची तयारी ठेवून आले होते. ताईने व्याख्यान दिलंच नाही. तिने शाळेचेच निळे खडू कुटून भुकटी केली होती. व्यायामाच्या सरांना हळूच बाजूला घेऊन त्यांच्या तळव्यांना ती चोळली आणि सांगितलं, "आता रोजच्यासारखं वागा. कुणाला सांगू नका." मग सगळ्यांना म्हणाली, "चला, मधली सुट्टी झाली."

मंडळी जेवली. सरांनी पाणी घेतलं, कुणाला मीठ दिलं, कुणाच्या पाठीवर थाप मारली, दार उघडलं, दार लावलं. वीस मिनिटांनी ताईने सगळ्यांना उभं केलं. "आता निळा रंग शोधा."

शोधावा लागलाच नाही. नळावर निळा, कडीवर निळा, चार पेल्यांवर, हजेरीच्या वहीवर, चित्रकलेच्या बाईंच्या कोपरावर. एकेक ठिपका सापडत होता तसा हशा वाढत होता. मोठ्या बाई कडक आवाजात म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे? किती गंभीर बाब आहे ही." आणि मग सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले, कारण खुद्द मोठ्या बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर टपोरा निळा ठिपका होता. मावशीने त्यांना आरसा आणून दिला. मोठ्या बाईंनी आरशात पाहिलं, आधी नाक फेंदारलं, आणि मग शाळेने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं अशा हसल्या.

"मी तर सरांच्या जवळही गेले नाही!"

"तुम्ही दाराची कडी धरली, मग चष्मा सारखा केला," ताई म्हणाली. "हा खडू दिसतो म्हणून कळलं. शेंगदाणा दिसत नाही."

मग तिने कोरड्या फडक्याने एक टेबल पुसून दाखवलं. रंग गेला नाही, नुसता पसरला. जंतुनाशकाचे दोन थेंब हातावर चोळून दाखवले, तर निळा चिखल झाला. शेवटी साबण आणि पाणी. हात स्वच्छ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण प्रत्येकजण आपापले हात न्याहाळत होता.

त्यानंतर शाळेत जे झालं ते ऐकायला साधं आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. टेबलं साबणाच्या पाण्याने पुसायची, त्यासाठी हिरवी फडकी, ती दुसऱ्या कशाला वापरायची नाहीत. डबा आपापला, बाटली आपापली, पण बसायचं सगळ्यांनी एकत्र. पेन एका लाल पिशवीत घालून कार्यालयाच्या दाराशी उंच खुंटीवर टांगलं, बिनकुलपाचं. ते टोचायला पाच जण शिकले. सगळ्यात तरबेज निघाली घंटेवाली मावशी, आणि तिची परीक्षा घ्यायला सासूबाई जातीने आल्या होत्या.

"दहा मोजलेस, पण घाईत मोजलेस," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या मांडीवर हळू मोजून दाखवू का?" मावशीने विचारलं. दोघींची तेव्हापासून जी गट्टी जमली ती कायमची.

पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले. "एका मुलीसाठी तीनशे मुलांनी का म्हणून एवढं करायचं?"

मोठ्या बाई उत्तर द्यायला उठणार, तोच मागून एक आई उभी राहिली. आवाज बारीक. "एका नाही. माझ्या मुलाला दूध चालत नाही. मी शाळेला सांगितलंच नव्हतं. वाटलं, प्रवेश नाकारतील." ती बसते न बसते तो एक वडील उठले, त्यांच्या मुलाला अंडं चालत नव्हतं. मग आणखी एक. सभा संपेपर्यंत सहा जण निघाले. सहा घरं, एकेकटी, तोंड शिवून बसलेली. ते गृहस्थ म्हणाले, "हात धुवायला आमची काही हरकत नाही," आणि खाली बसले. त्यांचा मुलगा घरी कधी हात धुवायचा नाही, तो आता धुतो, हे त्यांनीच पुढे सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

शाळेचं मार्गी लागलं, पण ते सतरा फोन ताईच्या डोक्यातून जात नव्हते. ती साहेबांकडे गेली.

"फोन आत नको, मला मान्य आहे. दुसऱ्या कुणी आणला तर मीच पकडते. पण निरोप तरी आत यायला हवा."

साहेब म्हणाले, "ताई, तुम्हाला मुभा दिली तर उद्या सगळे मागतील."

"मागू देत. कुणाकुणाला गरज आहे ते विचारलंय मी." तिने कागद पुढे केला. पीठ मळायच्या यंत्रावरच्या माणसाच्या मुलाला दमा होता. भट्टीवरच्या एकाची लेक मधुमेहाची, शाळेत इंजेक्शन घेणारी. पाकिटं भरणाऱ्या एकीचा मुलगा माशांच्या नुसत्या वाफेने सुजायचा. नऊ नावं होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला. ही माणसं वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर काम करत होती आणि त्यांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

वायरमन नवऱ्याने रविवारी येऊन प्रत्येक लाइनच्या वर एक पिवळा दिवा बसवला. त्याचं बटण फाटकावरच्या पहारेकरी काकांच्या खोलीत. शाळेचा फोन काकांना, काकांचं बटण, दिवा लागला की ज्याचं नाव दिव्याखालच्या फळ्यावर लिहिलेलं असेल त्याने हातातलं सोडून धावायचं आणि शेजारच्याने त्याची जागा घ्यायची. पहिल्या आठवड्यात दिवा तीनदा लागला. एकदा कुणाच्या तरी बायकोला येताना बटाटे हवे होते. काका असे भडकले की पुढे फोन आला की ते आधी विचारायचे, "जिवाचं आहे की बटाट्याचं?" हा प्रश्न मग कारखान्यातली म्हणच झाली. दवाखान्याच्या आणि शाळेच्या कामासाठी महिन्याला चार तास बाहेर जायची आणि ते नंतर भरून द्यायची सोयही साहेबांनी करून दिली. गैरफायदा घेणारा एखादा निघालाच. बाकीच्यांनीच त्याला सरळ केलं.

हळूहळू बातमी पसरली. दुसऱ्या शाळेतून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. ताई शनिवारी खडूची पुडी पिशवीत टाकून जायची. मोठ्या माणसांसमोर बोलायचं म्हटलं की ती सुरुवातीला अडखळायची. पण लोकांना हसवलं की ती लाइनवर असल्यासारखी बिनधास्त व्हायची. एका शाळेत विश्वस्तांच्या टकलावर निळी बोटं उमटली होती. ती गोष्ट सांगताना ती स्वतःच आधी हसायची आणि गोष्ट अर्धी राहायची.

ठमी अकरा वर्षांची झाली तेव्हा शाळेची तीन दिवसांची सहल निघाली, डोंगरात, तंबूंत राहायची. ताईने आधी नाही म्हटलं. मग "बघू" म्हटलं. मग सहलीच्या स्वयंपाक्याशी दोनदा बोलली, पेनं दोन दिली, बरोबरच्या बाईंची उजळणी घेतली. आणि निघायच्या दिवशी बस हलल्यावर तिच्या लक्षात आलं की आता करायला काही उरलेलं नाही. ते तीन दिवस तिने घरातली सगळी कपाटं आवरली. सासूबाईंनी दर तासाला "फोन आला का गं?" विचारून तिचा जीव नकोसा केला. नवरा म्हणाला, "फोन नाही म्हणजे सगळं ठीक," आणि नेमका रात्री स्वतःच उठून फोनला चार्ज आहे का बघताना पकडला गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बस आली. ठमी उतरली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, एक मोजा हरवलेला, नाक उन्हाने सोललेलं. ताईने विचारायचे प्रश्न मनात ओळीने लावून ठेवले होते: काय खाल्लं, कुठे बसलीस, हात धुतले का, पेन कुणाकडे होतं.

पण ठमी बोलायचीच थांबेना. ओढ्यात बेडूक होता, एवढा मोठा, तो एका मुलाच्या बुटात शिरला, आणि त्याने तसाच बूट घातला, आणि तंबू पडला, आणि सर खाली अडकले, आणि त्यांचे फक्त पाय बाहेर! बसथांब्यापासून घरापर्यंत, जिना चढताना, दाराशी चिखलाचे बूट काढताना, बेडूक काही संपत नव्हता. सासूबाई मधेच तोंड उघडायला गेल्या, तशी ताईने हळूच त्यांचा हात दाबला.

तीन दिवसांच्या त्या सगळ्या कहाणीत खाण्याचं नावसुद्धा आलं नाही. ताईने आपले प्रश्न मनातल्या मनात मोडीत काढले आणि विचारलं, "मग? बेडकाचं पुढे काय झालं?"